एक जूनचे गुरुजी

पोर सहा वर्षांचं झालं की नाही हे गुरुजी कागदावरून ठरवत नसत, कानावरून ठरवत. जूनमध्ये नाव घालायला आणलेल्या पोराला ते शाळेच्या व्हरांड्यात ताठ उभं करायचे आणि सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला तर पोर सहाचं, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. जन्माचा दाखला तेव्हा फारसा कुणाकडे नसायचा. कान लागला की गुरुजी खिशातलं पेन काढून जनरल रजिस्टरात जन्मतारीख लिहायचे, एक जून. शाळा जूनमध्ये भरते, म्हणजे पोराला त्या दिवशी बरोबर सहा वर्षं पूर्ण. त्यामुळे आमच्या गावात चाळिशीच्या आतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि त्या दिवशी सगळे एकमेकांना मोबाईलवर केकची चित्रं पाठवतात. गुरुजींचं खरं नाव हजेरीपटावर होतं. गावात ते एक जूनचे गुरुजी.

मी नर्स. माहेर केजचं. नेकनूरपासून आत असलेल्या या गावच्या उपकेंद्रावर माझी बदली झाली, तेव्हा वाटलं होतं की दोन-तीन वर्षांत सुटका होईल. अजून इथंच आहे. उपकेंद्र आणि जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा यांच्यामध्ये एक भिंत आहे. गुरुजी तिथं मुख्याध्यापक होते. मधली काही वर्षं त्यांची बदली झाली होती, पण ते फिरून इथंच आले. सोबतचे शिक्षक म्हणत, यांना दुसरीकडं करमत नाही. मला वाटतं, दुसऱ्या गावच्या पोरांची अक्षरं त्यांना ओळखू येत नसावीत.

अक्षर हा त्यांचा हट्ट होता. पहिलीपासून ते प्रत्येकाचा हात धरून अक्षर वळवायचे, आणि मग जन्मभर ते अक्षर विसरायचे नाहीत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कुणी रात्रीतून शिवी लिहिली, तर सरपंच आधी गुरुजींना बोलावून आणायचे. गुरुजी भिंत बघायचे आणि म्हणायचे, "ळ चुकलाय." एवढंच. कुणाचं आहे हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी भिंत पुसलेली असायची.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती सरकारच्या एका पत्रामुळे. किशोरवयीन मुलामुलींना शरीरातले बदल, पाळी, लवकरचं लग्न आणि लवकरचं बाळंतपण यांची माहिती शाळेनं द्यावी, असं ते पत्र होतं. अशी पत्रं आधीही यायची. दर दोन-चार वर्षांनी विषयाचं नाव बदलायचं. कधी लोकसंख्या शिक्षण, कधी किशोरावस्था शिक्षण, कधी जीवनकौशल्यं. मूळ विषयाचं नाव कुठल्याच परिपत्रकात सापडत नसे. तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, तिथं एक पुस्तिका मिळाली, आणि ती शाळेच्या कपाटात जायची एवढंच बाकी होतं. तरुण शिक्षकांनी हात झटकले. एक म्हणाले, माझं लग्न व्हायचंय, उद्या गावात तोंड दाखवायचंय. गुरुजींनी पुस्तिका स्वतःकडे घेतली आणि दुपारी भिंतीपलीकडून मला हाक मारली.

पहिला तास त्यांनी आठवीच्या वर्गात घेतला तो मी मागं बसून पाहिला. पाटबंधाऱ्याची माहिती सांगावी तशा आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. ना आवाज खाली आणला, ना वर नेला. पोरं बाकाखाली तोंड घालून हसत होती. गुरुजी थांबले, हसणं संपेपर्यंत उभे राहिले, आणि मग म्हणाले, "ह्ये पुस्तकात हाय. म्हंजे सरकारला माहीत हाय. सरकारला लाज वाटली न्हाई, मग मला कावून वाटावी?" त्यानंतर मुलींचा तास मी घ्यायचा असं ठरलं. मी वर्गात असताना ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. नर्सबाई आत काय शिकवते हे ऐकायला बाया यायच्या, त्यांना ते पाण्याच्या टाकीपर्यंत परत पोचवून यायचे. पुढं त्यांनी मुलांचाही तास मलाच घ्यायला लावला. मास्तर बोलला तर पोरं हसतात, नर्स बोलली तर घाबरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबर निघालं.

प्रश्नपेटी ही सूचना पुस्तिकेतच होती. मुलांनी नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची आणि शिक्षकानं उत्तर द्यायचं. गुरुजींनी खडूच्या रिकाम्या खोक्याला चीर पाडली. पण एक अडचण होती जी पुस्तिका लिहिणाऱ्यांना सुचली नसणार. गुरुजींना प्रत्येक चिठ्ठीचं अक्षर ओळखू यायचं, आणि हे पोरांनाही माहीत होतं. मग त्यांनी वर्गाला सगळ्यांसमोर शब्द दिला. चिठ्ठ्या मी एकटा उघडीन, माझ्या हातानं दुसऱ्या कागदावर उतरवीन, मूळ चिठ्ठ्या फाडून टाकीन, आणि ओळखलेलं अक्षर विसरून जाईन. नर्सबाईंच्या हातात फक्त माझं अक्षर जाईल. पोरांचा त्यांच्यावर इतका विश्वास होता की दुसऱ्याच महिन्यात खोकं भरलं. शाळा सोडलेल्या मुलींसाठी अंगणवाडीत महिन्याला मेळावा व्हायचा, तिथंही तेच खोकं जाऊ लागलं. वर्षानुवर्षं माझ्याकडे गुरुजींच्या वळणदार अक्षरात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचे प्रश्न यायचे. पोटात दुखतं ते कुणाला सांगू, अंगावर पांढरं जातं म्हणजे काय, शेजारचा मुलगा रस्ता अडवतो. ते अक्षर आणि तो प्रश्न यांची गाठ मला पहिल्यांदा विचित्र वाटायची, मग सवय झाली.

कानाचा नियम त्यांनी एकदाच मोडला होता. ते मला फार उशिरा कळलं. गावाबाहेरच्या वस्तीवर बिरूतात्या राहतात. मेंढरं हा त्यांचा धंदा. वर्षातले आठ महिने ते कळप घेऊन गोदाकाठाला आणि पलीकडं असायचे. त्यांच्या दोन मुली, कविता आणि रेणू, आजीपाशी वस्तीवर राहायच्या. कविता सहाची झाली तेव्हा गुरुजी तिला शाळेत आणायला गेले. आजी म्हणाली, थोरली गेली तर धाकटीला कोण बघणार, मला डोळ्यानं दिसत नाही. धाकटी तेव्हा चारची होती. गुरुजींनी दोघींना सायकलवर बसवून आणलं, व्हरांड्यात उभं केलं. कविताचा हात कानाला लागला. रेणूचा हात टाळूवरच राहिला. गुरुजींनी दोघींच्या नावापुढं एकच तारीख आणि एकच साल लिहिलं. कागदावर त्या बहिणी जुळ्या झाल्या. एक पोर शाळेत आणायला दोन आणावी लागली, त्यात काय बिघडलं, असं त्यांना त्या वेळी वाटलं असणार. मलाही वाटलं असतं.

दोघी आठवी झाल्या. पुढची शाळा नेकनूरला, आणि एसटीचा नेम नाही, म्हणून दोघींची शाळा सुटली. कविताचं लग्न सोळाव्या वर्षी सिरसाळ्याकडच्या एका घरात गुपचूप उरकलं. आम्हाला कळलं तेव्हा ती सासरी गेलेली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा आठवा महिना होता आणि अंगावर सूज होती. मी तिची नोंद केली. वयाच्या रकान्यात मी एकोणीस लिहिलं.

इथं मला माझंही सांगायला हवं. अठराच्या आतली गरोदर मुलगी आली की पोलिसांना कळवावं लागतं आणि नवऱ्यावर गुन्हा दाखल होतो. कायदा चांगल्यासाठीच केलेला आहे. पण त्या भीतीनं घरचे लोक पोरीला दवाखान्यात आणायचंच टाळतात. मग सासू किंवा आई सांगते एकोणीस, आणि मी लिहिते एकोणीस. निदान ती तपासायला तरी येते, असं मी स्वतःला सांगायची. माझ्या रजिस्टरात गावच्या सगळ्या पहिलटकरणी एकाच वयाच्या होत्या. कविताला एके दिवशी दुपारी झटके आले. गाडी बोलावली, मी सोबत बसले. बीडच्या अलीकडंच ती गेली, पोटातलं मूलही गेलं. तिच्या मृत्यूच्या अहवालातही वय एकोणीसच गेलं, कारण माझं रजिस्टर तेच सांगत होतं. तिला सतरा पूर्ण व्हायची होती.

तिसऱ्या दिवशी गुरुजी उपकेंद्रात आले. बसले नाहीत. तिचं वय काय लिहिलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते तसेच निघून गेले. मला त्यांचा राग आला होता. मी रात्रंदिवस या गावात राबते आणि हा माणूस येऊन एक आकडा विचारतो. आता तो राग आठवला की माझाच मला वीट येतो.

बिरूतात्या मात्र बदलले. त्यांनी चारचौघांत सांगितलं की थोरलीच्या वेळी कायदा मोडला म्हणून तिला गमावली, धाकटीचं लग्न अठरा पूर्ण झाल्याशिवाय करणार नाही. दोन स्थळं त्यांनी परतवून लावली. ग्रामसेवक सभेत त्यांचं उदाहरण द्यायचा. मलाही बरं वाटलं. वर्षभरानं कळलं की रेणूचं ठरलं. कागदानुसार तिला एक जूनला अठरा पूर्ण होत होती आणि लग्नाची तारीख चार जून धरली होती. सगळं नियमात होतं. शाळेचा दाखला तात्यांनी प्लास्टिकमध्ये बांधून घेतला होता, पाहुण्यांना दाखवायला.

त्या मे महिन्याच्या मेळाव्यात गुरुजींनी मला नेहमीप्रमाणं उतरवलेल्या प्रश्नांचा कागद दिला. त्यात एक प्रश्न होता. माझं लग्न ठरलंय, मला दोन वर्षं तरी लेकरू नको, बहिणीसारखं होईल अशी भीती वाटते, तर हे मी कुणाला सांगू? गावात बहीण गमावलेली लग्न ठरलेली मुलगी किती असणार? पण खोक्याचा नियम माझ्याही अंगात भिनला होता. मी ओळख दाखवली नाही. पुस्तिकेत लिहिलं होतं तेच उत्तर दिलं. लग्न अठराच्या आत करू नये, पहिलं मूल विशीनंतर होऊ द्यावं, दोन मुलांत अंतर ठेवावं. मुली जमिनीकडे बघत होत्या. रेणू खिडकीपाशी बसली होती आणि सगळ्यांसारखीच बघत होती.

मेळावा संपल्यावर गुरुजी खोकं काखेत मारून माझ्याबरोबर चालत आले. शाळेच्या फाटकाशी थांबले. "सिस्टर, पोरीनं इचारलं, कुणाला सांगू. तुमी सांगितलं, कवा." मी म्हणाले, पुस्तिकेत कुणाला हे लिहिलेलं नाही. ते म्हणाले, "न्हाईच लिवलेलं." आणि आत गेले.

चार दिवसांनी ते पुन्हा आले, या वेळी बसले. त्यांना माझ्या आधीच्या नर्सचं जुनं लसीकरण रजिस्टर हवं होतं. कशाला, तर रेणूला गोवराची लस कधी दिली ते बघायला. ती लस नवव्या महिन्यात देतात, म्हणजे जन्माचा हिशेब लागतो. मग त्यांनी मला टाळूवर राहिलेल्या हाताची ती सगळी गोष्ट सांगितली. रेणू सोळाची होती. "अक्षर मी वळखलं," ते म्हणाले. "शब्द मोडला. पर ही तारीख माझी हाय, सिस्टर. तिच्या बापाची न्हाई, सरकारची न्हाई."

मला आधी माझीच काळजी वाटली. हे रजिस्टर बाहेर गेलं की साहेब लोक शेजारचं बाळंतपणाचं रजिस्टरही उघडणार, आणि माझी एकोणीस-एकोणीसची रांग त्यांच्या नजरेत येणार. मी गुरुजींना समजावू लागले. एकतीस मेला तुम्ही निवृत्त होताय. (त्यांची स्वतःची जन्मतारीखही एक जूनच होती. त्यांच्या गुरुजींनी लिहिलेली.) आठ दिवस गप्प राहिलात तर कुणी विचारणार नाही. मी मुलीला बाजूला घेऊन समजावते, नवऱ्यालाही बोलावते, गोळ्या देते. तेही खरंच केलं असतं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, रजिस्टर द्या किंवा नका देऊ, मी अर्ज देणार आहे. मी रजिस्टर दिलं. त्यात माझं धैर्य फारसं नव्हतं. समोरचा माणूस उठेना, एवढंच.

अर्जाआधी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. तात्यांनी घोंगडी टाकली, पाणी दिलं. गुरुजींनी आढेवेढे न घेता सांगितलं की तारीख खोटी आहे, मुलगी सोळाची आहे, दोन वर्षं थांबा. तात्या उठले, पेटीतून दाखला आणला आणि गुरुजींच्या मांडीवर ठेवला.

"वाचा गुरुजी. तुमचंच अक्षर हाय."

"अक्षर माझं हाय. तारीख खोटी हाय, तात्या."

"मग खोटं तुमचं. माझ्या लेकीनं कावून भोगायचं?" तात्यांचा आवाज चढलेला नव्हता. "थोरलीच्या वक्ताला मी कायदा मोडला. आता कायद्यानं करतोय तर तुमीच आडवे. मला काय लिवता-वाचता येतंय? तुमी लिवलं त्येच मी खरं धरलं."

धाकटी थोरलीपेक्षा लहान आहे हे बापाला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पण मला त्या माणसाचं खोटंही वाटलं नाही. सरकारच्या कागदापुढं स्वतःच्या आठवणीची किंमत नसते, हे त्यांना आम्ही सगळ्यांनी मिळूनच शिकवलं होतं. रेणू चुलीपाशी भाकरी थापत होती. ती एकदाही आमच्याकडे वळली नाही.

तीस मेला गुरुजींनी अर्ज दिला. एक प्रत तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात, एक ग्रामसेवकाकडे, कारण बालविवाह रोखण्याची जबाबदारी कायद्यानं त्याच्यावर असते. अर्जात लिहिलं होतं की मी जाणूनबुजून या मुलीचं वय दोन वर्षं वाढवून लिहिलं आहे, मुलगी आज सोळा वर्षांची आहे, आणि लसीकरणाची नोंद सोबत जोडली आहे. ग्रामसेवक तरुण होता. तो अर्ज हातात घेईना. गुरुजी, दहा दिवसांनी द्या, असं म्हणत राहिला. गुरुजी ग्रामपंचायतीच्या बाकावर बसून राहिले. दुपारी सव्वातीनला त्यानं पोच दिली.

गावात ते संध्याकाळपर्यंत पसरलं. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांचा निरोप समारंभ होता. मांडव घातलेला होता, खुर्च्या आणलेल्या होत्या. शिक्षक आले, मी गेले, उन्हाळ्याची सुट्टी असूनही काही पोरं आली. मोठ्या माणसांपैकी कुणी फिरकलं नाही. गावाचा संताप रेणूसाठी नव्हता. एक तारीख खोटी ठरली तर बाकीच्या शेकडो तारखा कशा टिकणार, ही त्यांची धास्ती होती. कुणी पोलिसात होतं, कुणी एसटीत, कुणाचं भरतीचं वय काठावर होतं. पुढचे काही दिवस ते एकेक करून गुरुजींच्या घरी येत राहिले. माझी तारीख तरी खरी आहे ना, असं विचारत. गुरुजी प्रत्येकाकडे नीट बघायचे, आणि मग म्हणायचे, "तुझा हात लागला होता. जा." हा प्रसंग मी दोनदा पाहिला. हसू आवरणं मला जड गेलं होतं.

तीन जूनला सकाळी हळदीच्या आधी तालुक्याची माणसं आणि पोलीस वस्तीवर आले. लग्न थांबलं. तात्यांनी मुलगी खरोखर अठराची होईपर्यंत लग्न न करण्याचं लिहून दिलं, म्हणजे अंगठा दिला. रेणूला बीडला बालकल्याण समितीपुढं नेलं, वयाची तपासणी झाली, चार दिवसांनी घरी आणलं. मुलाकडच्यांनी महिन्याभरात दुसरी मुलगी केली. तात्यांचं पाहुण्यांत नाव गेलं. माझ्या रजिस्टराकडे कुणीही बघितलं नाही.

बीडहून परत आल्यावर रेणू एकदा उपकेंद्रात आली. रांगेत बसली, नंबर आल्यावर टेबलापाशी उभी राहिली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही.

"मी लगीन मोडा म्हणलं नव्हतं," ती म्हणाली. "मी फकस्त इचारलं होतं. गुरुजीनं कुणाला सांगणार न्हाई म्हून सांगितलं होतं."

मी तिला काय काय सांगितलं. कविताचं सांगितलं, तिच्या शरीराचं सांगितलं, कायद्याचं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. शेवटी म्हणाली, गुरुजींना एवढंच सांगा. मी सांगितलं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी खोकं माझ्याकडे आणून ठेवलं. आता पोरी आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे, असं ते म्हणाले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर खोक्यात एकही चिठ्ठी पडली नाही. हेही नुकसान नुकसानच होतं, आणि त्याची नोंद कुठल्याच अहवालात नाही.

त्यांची विभागीय चौकशी लागली. पेन्शन बरेच दिवस अडकली. त्याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. सकाळी घरासमोर बसून पेपर वाचायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार घालायचे. काही लोक उलट नमस्कार करायचे, काही नाही. वर्षभरानं ते आणि त्यांच्या बाई केजला लेकीकडे राहायला गेले. सामान टेम्पोत भरताना मी होते. शाळेच्या व्हरांड्याकडे ते एकदा बघतील असं मला वाटलं होतं. ते दोरी नीट आवळली की नाही हे बघत होते.

माझ्यात काय बदल झाला म्हणाल, तर मी आता रजिस्टरात खरं वय लिहिते. त्यानं सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. दोन घरांनी माझ्याकडे यायचं सोडलं. एक मुलगी घरातच बाळंत झाली, देवाची कृपा म्हणून वाचली. तीन लग्नं मात्र थांबली, कारण आता लोकांना माहीत आहे की नर्सबाई एकोणीस लिहीत नाही. गणित कुठं जुळतं आणि कुठं नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण हात आता तो आकडा लिहीत नाही.

गुरुजी गेल्या हिवाळ्यात गेले. त्याच्या महिनाभर आधी मी माहेरी गेले होते तेव्हा त्यांना भेटले. दम लागायचा, बाजेवर उशांना टेकून बसलेले असायचे. मी गावच्या बातम्या सांगितल्या. शाळेला नवे मास्तर आलेत, अंगणवाडीला पत्रा बसला. मग रेणूचं सांगितलं. तिचं लग्न झालं होतं, तिच्या मर्जीनं, शेजारच्या तालुक्यात. लग्नाआधी ती आणि तिचा नवरा दोघं माझ्याकडे येऊन सगळं विचारून गेले होते. आणि आता ती माहेरी येऊन बाळंत झाली होती. मुलगी झाली, पावणेतीन किलोची.

"वय?" त्यांनी विचारलं.

"वीस पूर्ण."

मग त्यांनी विचारलं, माझं नाव काढते का कधी?

मी खोटं बोलू शकले असते. आजारी माणसाशी आपण बोलतोच. पण त्या माणसापुढं बोलवेना. मी सांगितलं, नाही गुरुजी. तुमचा विषय निघाला की उठून जाते.

त्यांनी मान हलवली.

"जाऊ द्या. उठून जायाला ती हाय न्हवं."